घटक ४ : हुतात्मा बाबुराव शेडमाके – जीवन, दप्तर आणि लोकस्मृती

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –

• बाबुराव शेडमाके यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे कालक्रमाने सांगता येतील.
• १८५४ ते १८५८ या काळातील चांदा जिल्ह्याची परिस्थिती आणि तेथील उठाव यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• एकाच जीवनाविषयीची सरकारी नोंद आणि लोककथा यांतील फरक ओळखता येईल व चरित्रलेखनात दोहोंचे स्थान निश्चित करता येईल.
• ‘बंड’, ‘उठाव’, ‘शहीद’, ‘हुतात्मा’ या शब्दांच्या अर्थच्छटा विशद करता येतील.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकांत आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे पाहिली. चरित्रनायकाची पत्रे, दैनंदिनी, भाषणे, समकालीनांच्या आठवणी अशा साधनांच्या आधारे चरित्रकार एका जीवनाची मांडणी करीत असतो. या घटकात मात्र थोड्या वेगळ्या प्रकारच्या चरित्राचा परिचय करून घ्यावयाचा आहे. या चरित्रनायकाविषयीचा समकालीन कागद मुख्यत्वे त्यांना फाशी देणाऱ्या सत्तेने लिहिला, आणि त्यांची कीर्ती मात्र त्यांच्या लोकांनी गाण्यांतून व कथांतून पिढ्यानपिढ्या सांभाळली. हे चरित्रनायक म्हणजे मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके होत.

२१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले, तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्यांच्या प्रत्यक्ष लढ्याचा भर काळ दोन महिन्यांहून थोडासाच अधिक भरतो. एवढ्या अल्प जीवनाची दोन चित्रे आपल्यापुढे येतात. एका चित्रात ते लूट व खून यांचे अपराधी आहेत; दुसऱ्यात फासाचा दोरही ज्यांच्यापुढे हरला असे दैवी वीर आहेत. या दोन चित्रांमध्ये जो माणूस उभा आहे, त्याच्यापर्यंत जाण्याचा मार्ग कोणता, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ प्रदेश आणि त्याची भाषा

आज चंद्रपूर व गडचिरोली हे दोन स्वतंत्र जिल्हे आहेत. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. बाबुरावांच्या काळी ब्रिटिश अमलाखालील हा सारा मुलूख चांदा या एकाच नावाने ओळखला जाई. वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या संगमानंतर त्यांचा संयुक्त प्रवाह प्राणहिता हे नाव धारण करतो व पुढे सिरोंचाजवळ गोदावरीस मिळतो. प्राणहितेच्या पूर्वेस अहेरीची विस्तीर्ण जमीनदारी होती. पश्चिम तीरावर निजामाचे राज्य होते. पूर्वेकडे अरण्य ओलांडले की बस्तर संस्थान लागे. साग, बांबू, मोह आणि तेंदू यांनी भरलेल्या या वनप्रदेशात तीन सत्तांच्या सीमा परस्परांना भिडत होत्या. पुढील घटना समजून घेताना हा भूगोल ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

भाषेच्या अभ्यासकाला हा प्रदेश गावांच्या नावांतूनच आपली ओळख करून देतो. मोलमपल्ली, अडपल्ली यांतील ‘पल्ली’ हे पद द्राविडी आहे. किष्टापूर या नावात ‘कृष्ण’ शब्दाचे तेलुगू वळणाचे रूप आणि संस्कृत ‘पुर’ हे पद एकत्र आले आहे. नांदगाव हे शुद्ध मराठी वळणाचे नाव, तर बामनपेठ या नावात वस्तीचा बाजाराशी असलेला संबंध दिसतो. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. तिच्या शेजारी तेलुगू आणि मराठी शतकानुशतके नांदत आल्या. बाबुरावांच्या लढ्यातील स्थळांची नावे नकाशावर वाचत गेलो, तर या तिन्ही भाषांचा प्रदेश आपण ओलांडत आहोत, हे सहज लक्षात येते. आपल्यापैकी जे विद्यार्थी या भागातील आहेत, त्यांना हा अनुभव दैनंदिन जीवनातलाच आहे.

चांदा ही गोंड राजांची राजधानी होती. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी ते राज्य घेतले. राजधानी गेली, तरी अरण्यातील जमीनदार आपापल्या जागी राहिले. ते ‘टाकोळी’ नावाची ठरावीक रक्कम नागपूर दरबारास देत आणि आपल्या मुलखाचा कारभार बव्हंशी स्वतः पाहत. दरबार दूर होता आणि अरण्य दाट होते. त्यामुळे ही व्यवस्था दोन्ही पक्षांना सोयीची वाटत असे.

४.३.२ जन्म आणि शिक्षण

आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी परिसरात किष्टापूर या गावी १२ मार्च १८३३ रोजी बाबुरावांचा जन्म झाला. वडील पुल्लेसूरबापू हे मोलमपल्लीचे जमीनदार. आईचे नाव जुर्जाकुंवर. भावंडांत बाबुराव थोरले होते. जमीनदार घराण्यातील थोरल्या मुलाकडे पुढे गावांचा कारभार येणार, या दृष्टीने त्यांचे शिक्षण दोन ठिकाणी झाले.

पहिले शिक्षण गोटुलात झाले. गोटुल ही गोंड समाजातील युवक-युवतींची संस्था होय. सामूहिक शिस्त, गाणी, नृत्य, वडीलधाऱ्यांच्या कथा, कष्टाच्या कामातील सहकार्य हे सारे तेथे अंगवळणी पडत असे. धनुष्यबाण, तलवार, भाला यांचा सराव आणि अरण्यातील वाटांचे ज्ञान याच वयात मिळाले. दुसरे शिक्षण रायपूर येथे इंग्रजी शाळेत झाले. अरण्यातील एका जमीनदाराने आपला मुलगा इतक्या दूर इंग्रजी शिकण्यासाठी पाठवावा, यातून पुल्लेसूरबापूंची दूरदृष्टी दिसून येते. शिक्षण आटोपून बाबुराव मोलमपल्लीस परतले. अठराव्या वर्षी त्यांचा विवाह राजकुंवर यांच्याशी झाला. राजकुंवर या प्राणहितेपलीकडील मडावी घराण्यातील. सीमेच्या दोन्ही बाजूंना असलेले हे सोयरसंबंध या प्रदेशात सर्वसामान्य होते.

येथे एका गोष्टीची नोंद घ्यावी. बाबुरावांना ज्या सत्तेशी लढावयाचे होते, तिची भाषा त्यांना परकी नव्हती. अडाणी वनवासी टोळीने नव्या राजवटीविरुद्ध अंधपणे शस्त्र उचलले, असे जे वर्णन अशा उठावांविषयी पुष्कळदा केले जाते, ते या चरित्राला लागू पडत नाही.

४.३.३ राजवटीचा बदल

११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक मरण पावले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी दत्तक नामंजूर करून १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले. त्या राज्याबरोबर चांदाही कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. डिसेंबर १८५४ मध्ये आर. एस. एलिस यांची चांद्यास जिल्हाधिकारी म्हणून नेमणूक झाली. पुढे १८५८ च्या उठावाच्या वेळी हे पद कॅप्टन क्रिक्टन यांच्याकडे होते.

नागपूरच्या दरबारात झालेला बदल अरण्यातील गावांपर्यंत पोहोचण्यास फार वेळ लागला नाही. भोसल्यांच्या काळात जमीनदाराचा अधिकार परंपरेने चालत आलेला मानला जाई. नव्या सरकारच्या दृष्टीने तो तपासून, मोजून, कागदावर नोंदवून द्यावयाचा अधिकार ठरला. जो अधिकार कागदावर दिला जातो, तो कागदावरून काढूनही घेता येतो, हे ओळखण्याइतकी जाण इंग्रजी शिकलेल्या तरुण जमीनदाराला खासच होती.

मे १८५७ मध्ये उत्तरेत उठावाला तोंड फुटले. जून महिन्यात नागपुरात घोडदळातील शिपायांचा बेत फसला आणि तेथील सत्ता सावरली. मध्य भारतातील अन्य ठिकाणी मात्र ठिणग्या पडत राहिल्या. गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातील शंकर शाह व त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपूर येथे तोफेच्या तोंडी देण्यात आले. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी झाली. रायपूर हे बाबुरावांच्या विद्यार्थिदशेतील गाव. चांद्याचा उठाव एकाकी नव्हता. मध्य भारतातील वनप्रदेशात त्या दोन वर्षांत जी साखळी निर्माण झाली, तिचा तो एक दुवा होता.

४.३.४ जंगोम सेना

बाबुरावांच्या चरित्रांत २४ सप्टेंबर १८५७ हा जंगोम सेनेच्या स्थापनेचा दिवस मानला जातो. ‘जंगोम’ या गोंडी शब्दाचा अर्थ जागृती, उठाव असा सांगतात. गोंड, माडिया आणि रोहिले अशा सुमारे चारशे ते पाचशे तरुणांना बाबुरावांनी एकत्र केले. रोहिले हे मूळचे पठाण शिपाई. निजामाच्या मुलखात व सीमेवरील जमीनदारांच्या चाकरीत ते मोठ्या संख्येने होते. या सेनेची रचना पाहिली म्हणजे तिला केवळ एका जमातीची टोळी म्हणणे कठीण होते.

सेनेजवळ तोफा नव्हत्या. धनुष्यबाण, तलवारी, भाले आणि थोड्याशा बंदुका एवढीच सामग्री होती. तथापि डोंगर, नाले, पाणवठे आणि आडवाटा यांची तिला पूर्ण माहिती होती. उघड्या मैदानात शत्रूसमोर उभे न राहता, त्याला आपल्या भूमीवर ओढून आणणे हीच तिची पद्धती राहिली. लवकरच अडपल्ली व घोट परगण्यांचे जमीनदार व्यंकटराव हेही बाबुरावांना येऊन मिळाले. दोन जमीनदारांच्या एकत्र येण्याने लढ्याचे क्षेत्र एकदम विस्तारले.

४.३.५ मार्च ते मे १८५८

७ मार्च १८५८ रोजी बाबुरावांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. हा परगणा इंग्रजांशी एकनिष्ठ असलेल्या रामशाह गेडाम यांच्याकडे होता. म्हणजे पहिला प्रहार इंग्रज ठाण्यावर झाला नाही. इंग्रजांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या स्वकीयावर झाला. ही गोष्ट पुढील घटनांच्या संदर्भात महत्त्वाची आहे. गोंड समाजातील सारे जमीनदार उठावाच्या बाजूस नव्हते. प्रत्येकापुढे आपले घराणे, आपली गावे आणि आपली सत्ता टिकविण्याचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर प्रत्येकाने निरनिराळे दिले.

राजगडाची वार्ता कळताच क्रिक्टन यांनी फौज रवाना केली. १३ मार्च रोजी नांदगाव-घोसरी येथे चकमक होऊन त्या फौजेस माघार घ्यावी लागली. यानंतर गढीसुर्ल्याच्या टेकडीचा आश्रय घेऊन जंगोम सेनेने दिलेली झुंज लोकपरंपरेत विशेष प्रसिद्ध आहे. टेकडी चढू पाहणाऱ्या फौजेवर वरून मोठमोठ्या शिळा लोटल्या गेल्याचे वर्णन आजही त्या भागात केले जाते. एप्रिलमध्ये सगणापूर व बामनपेठ येथे लढाया झाल्या.

२९ एप्रिल १८५८ ची घटना या साऱ्या लढ्याला वळण देणारी ठरली. प्राणहितेच्या काठी चिचगुंडी येथे तारायंत्र खात्याची छावणी होती. तीवर हल्ला होऊन गार्टलँड व हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी ठार झाले. पीटर नावाचा तिसरा कर्मचारी निसटला व क्रिक्टन यांच्याकडे पोहोचला. तारायंत्रामुळे दूरच्या छावण्यांना घडामोडींची वार्ता तत्काळ मिळत असे, आणि १८५७ च्या उठावात तारा तोडणे हे अनेक ठिकाणी उठाववाल्यांचे पहिले काम होते. लष्करी दृष्टीने चिचगुंडीचा हल्ला समजण्याजोगा आहे. परंतु मारले गेलेले दोघे लढाऊ सैनिक नव्हते, ते तारखात्याचे नोकर होते, हेही चरित्रकाराने लपवू नये. या दोन मृत्यूंमुळे सरकारच्या लेखी बाबुराव हे बंडखोर तर होतेच. आता ते खुनाच्या आरोपातील फरारी ठरले. १० मे रोजी घोट येथेही लढाई झाली.

४.३.६ अहेरी आणि लक्ष्मीबाई

समोरासमोरच्या लढाईत बाबुराव हाती लागत नाहीत, हे दोन महिन्यांत स्पष्ट झाले. क्रिक्टन यांनी आता मार्ग बदलला. बाबुरावांना पकडून देणाऱ्यास एक हजार रुपयांचे बक्षीस लावण्यात आले आणि अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले गेले. बाबुरावांना पकडण्यास साहाय्य न केल्यास आपली जमीनदारी जाईल, असा धाक त्यांना घातला गेल्याचे चरित्रांत सांगितले जाते.

लक्ष्मीबाईंचे नाव लोककथांत विश्वासघाताचे प्रतीक म्हणून येते. झाशीच्या राणीशी असलेल्या नामसाम्यामुळे तर हा विरोध अधिकच ठळक होतो. चरित्राचा अभ्यास करताना मात्र त्यांच्या स्थितीकडेही पाहावे लागते. त्या स्वतः गोंड होत्या, बाबुरावांच्याच मुलखातील सर्वांत मोठ्या जमीनदारीची जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि शेजारची राज्ये कशी खालसा झाली हे त्यांनी पाहिले होते. एका बाजूस उठावाची अनिश्चित फलश्रुती आणि दुसऱ्या बाजूस अहेरीचे निश्चित उच्चाटन, अशी निवड त्यांच्यापुढे होती. त्यांनी अहेरी निवडली. या निर्णयाचे कारण समजून घेणे म्हणजे त्याचे समर्थन करणे नव्हे; परंतु ते न समजता केलेला निवाडा चरित्राला एकांगी बनवितो.

बाबुराव या काळात बस्तरच्या हद्दीतील भोपालपट्टणमच्या बाजूस गेले होते. लक्ष्मीबाईंच्या रोहिल्यांनी तेथे त्यांना गाठले. परंतु पहाऱ्यातून ते निसटले. ही सुटका अल्पकाळच टिकली. १८ सप्टेंबर १८५८ रोजी ते पुन्हा पकडले गेले. पकडणारे रोहिले होते आणि बाबुरावांच्या सेनेतही रोहिले होते, हा तपशील लक्षात घेतला म्हणजे त्या काळच्या निष्ठा किती गुंतागुंतीच्या होत्या याची कल्पना येते.

४.३.७ चांद्याचा तुरुंग

बाबुरावांना चांद्यास आणून त्यांच्यावर खटला चालविण्यात आला व फाशीची शिक्षा झाली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी तुरुंगाच्या आवारातील पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी देण्यात आले.

या तारखेनंतर अकराव्या दिवशी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा प्रसृत झाला. कंपनीचे राज्य संपून हिंदुस्थानचा कारभार राणीच्या नावे सुरू झाला आणि उठावात सामील झालेल्यांना त्यात क्षमा जाहीर करण्यात आली. बाबुराव आणखी अकरा दिवस जगते तर वाचले असते, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेणाऱ्यांना त्या क्षमेतून वगळले होते. चिचगुंडीच्या आरोपामुळे ती क्षमा बाबुरावांपर्यंत पोहोचणे कठीणच होते. तारखांच्या निकटतेवरून हळहळ निर्माण करणे चरित्रकाराला सोपे असते. येथे तो मोह आवरला पाहिजे.

व्यंकटराव बस्तरमध्ये गेले. १८६० साली तेथे त्यांना पकडून इंग्रजांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांना जन्मठेप झाली व त्यांची जमीनदारी जप्त झाली. जप्त मुलखातील गावे अहेरीच्या लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून मिळाली. उठावाचा शेवट अशा रीतीने जमिनीच्या फेरवाटपात झाला.

४.३.८ लोकस्मृती : न तुटणारा माणूस, तुटणारा दोर

दप्तरातील कथा येथे संपते. लोककथा येथूनच पुढे चालू होते. लोकपरंपरा सांगते की, बाबुरावांनी अरण्यातील एक दुर्मीळ दिव्य वस्तू भक्षण केली होती आणि तीमुळे त्यांच्या देहाला असाधारण सामर्थ्य लाभले होते. फाशीच्या वेळी दोर पुन्हा पुन्हा तुटला. अखेरीस त्यांचा देहान्त झाला, तरी ते पुन्हा उठतील या भयाने इंग्रजांनी त्यांचा देह चुन्यात टाकला.

ही कथा वाचताना ती खरी की खोटी, एवढाच प्रश्न विचारून थांबणे योग्य होणार नाही. ज्या समाजाने ती रचली, त्याला काय सांगावयाचे होते, हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे. सामर्थ्य अरण्यातून आले, हे पहिले विधान. सत्तेचे साधन त्या सामर्थ्यापुढे निष्फळ ठरले, हे दुसरे. मेलेल्या माणसाचेही सत्तेला भय वाटत राहिले, हे तिसरे. सभोवती पराभव दिसत असताना त्या समाजाने कथेच्या पातळीवर तो पराभव स्वीकारला नाही.

एकदा मारून न मरणाऱ्या वीराची ही कल्पना जगाच्या अन्य भागांतही आढळते. रोमन साम्राज्यातील आरंभीच्या ख्रिस्ती सैनिक-संतांच्या कथा या दृष्टीने तुलनेस घेता येतात. गोवा व वसई येथील वाचकांना परिचित असलेले संत सेबास्तियन हे परंपरेनुसार डायोक्लेशियन या सम्राटाच्या काळातील सैनिक. श्रद्धेच्या कारणास्तव त्यांच्यावर बाणांचा वर्षाव करण्यात आला. मृत समजून सोडलेल्या त्यांच्या देहात प्राण होता. आयरीन नावाच्या स्त्रीने त्यांची शुश्रूषा केली. आणि बरे झाल्यावर ते पुन्हा सम्राटासमोर गेले तेव्हा त्यांना दंडुक्यांनी ठार करण्यात आले, अशी ती कथा आहे. याच काळातील दुसऱ्या एका सैनिकाचे, मार्सेलसचे, चरित्र वेगळ्या रूपात आढळते. इ. स. २९८ मध्ये त्याने सैनिकी पट्टा उतरवून फेकला व मृत्युदंड स्वीकारला. त्याची कथा चमत्काररहित असून जवळजवळ न्यायालयीन नोंदीच्या थाटात लिहिलेली आहे.

सेबास्तियन यांच्या कथेत लोकस्मृतीची पद्धती दिसते, मार्सेलसच्या कथेत दप्तराची. बाबुरावांच्या बाबतीत या दोन्ही पद्धती एकाच माणसाभोवती एकत्र आल्या आहेत. साम्य पाहताना भेदही विसरू नये. ते ख्रिस्ती सैनिक शस्त्र हाती न घेता, वा ते खाली ठेवून, मृत्यूला सामोरे गेले. बाबुरावांनी शस्त्र हाती घेतले आणि लढत राहिले. त्यांच्या लढ्याचा विषय उपासनेचे स्वातंत्र्य हा नव्हता. भूमी आणि तिच्यावरील परंपरागत हक्क हा त्याचा विषय होता.

४.३.९ चरित्राची भाषा

आता या चरित्रासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांकडे वळू. सरकारी नोंदींची शब्दसंपत्ती ठरावीक असते : बंड, लूट, खून, फरारी, बंदोबस्त. लोकपरंपरेची शब्दसंपत्ती वेगळी आहे : लढाई, वीर, सेना, बलिदान. ७ मार्चला राजगडावर घडलेली घटना एकच आहे. ‘लूट’ म्हटले की ती अपराधाच्या सदरात जाते, ‘ताबा’ म्हटले की युद्धाच्या. शब्द निवडताच भूमिका ठरते.

मराठीत तर व्याकरणही भूमिका घेते. प्रस्तुत घटकात आपण ‘बाबुराव आले, त्यांनी लढाई केली’ अशी आदरार्थी बहुवचनी रूपे वापरली आहेत. ‘बाबुराव आला, त्याने लढाई केली’ असे लिहिले, तर तपशिलात काहीही न बदलता वाचकाचे मत बदलते. मराठी चरित्रकाराला हा निर्णय पहिल्याच वाक्यात घ्यावा लागतो.

‘शहीद’ आणि ‘हुतात्मा’ हे दोन्ही शब्द बाबुरावांसाठी रूढ आहेत. ‘शहीद’ हा अरबी शब्द साक्ष या अर्थाच्या धातूपासून आला आहे. इंग्रजीत यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘मार्टर’ या शब्दाचे मूळ ग्रीक रूपही ‘साक्षीदार’ याच अर्थाचे आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन भाषाकुळांत प्राणार्पण करणारा मनुष्य ‘साक्षीदार’ ठरतो, ही लक्षणीय गोष्ट आहे. मराठीतील ‘हुतात्मा’ हा शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रूढ केला. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. त्यात यज्ञाची कल्पना आहे. ‘शहीद’ म्हणताना, बाबुराव कशाचे साक्षीदार होते, हा प्रश्न पुढे येतो. ‘हुतात्मा’ म्हणताना, त्यांनी कशासाठी स्वतःला अर्पण केले, हा प्रश्न. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे चरित्राला द्यावी लागतात.

स्वातंत्र्योत्तर काळात बाबुरावांच्या स्मृतीला सार्वजनिक मान्यता मिळाली. दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारातील त्या पिंपळाजवळ लोक अभिवादनासाठी जमतात. भारतीय टपाल खात्याने १२ मार्च २००९ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, त्यांच्यावर टपाल तिकीट प्रसिद्ध केले. ज्या सरकारी यंत्रणेच्या कागदावर त्यांचे नाव अपराधी म्हणून लिहिले गेले, त्याच प्रकारच्या यंत्रणेने दीडशे वर्षांनी ते सन्मानाने छापले. मधल्या काळात ते नाव पुसले गेले नाही, याचे श्रेय मात्र कोणत्याही दप्तराला नाही. ते गोंडी, मराठी आणि तेलुगू बोलणाऱ्या, बहुतांशी निरक्षर अशा लोकांच्या स्मरणशक्तीला आहे.

४.४ सारांश

बाबुराव शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी किष्टापूर येथे झाला. गोटुल व रायपूरची इंग्रजी शाळा अशा दोन ठिकाणी ते घडले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांद्याच्या जमीनदारांचे परंपरागत अधिकार धोक्यात आले. सप्टेंबर १८५७ मध्ये त्यांनी जंगोम सेना उभी केली. मार्च ते मे १८५८ या काळात राजगड, नांदगाव-घोसरी, सगणापूर, बामनपेठ, चिचगुंडी व घोट येथे संघर्ष झाला. १८ सप्टेंबर १८५८ रोजी ते पकडले गेले व २१ ऑक्टोबर रोजी त्यांना फाशी झाली.

या जीवनाचे दप्तर आपल्याला तारखा, स्थळे व आरोप देते. लोकस्मृती त्या जीवनाचा समाजाला भावलेला अर्थ देते. तारखेसाठी लोककथेवर आणि अर्थासाठी दप्तरावर विसंबणे, या दोन्ही चुका टाळावयास हव्यात. दोन्ही साधने शेजारी ठेवून, प्रत्येकाचा बोलविता कोण आहे हे वाचकाला सांगून केलेले लेखन विश्वसनीय चरित्र ठरते.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) पुढील प्रश्नांची प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. जंगोम सेनेत कोणकोणत्या समाजगटांतील तरुण होते?
२. ‘टाकोळी’ म्हणजे काय?
३. अडपल्ली व घोट परगण्यांचे जमीनदार कोण होते?

आ) पुढील प्रश्नांची सुमारे दीडशे शब्दांत उत्तरे लिहा.
१. चिचगुंडीच्या घटनेमुळे बाबुरावांच्या स्थितीत कोणता फरक पडला?
२. लक्ष्मीबाईंच्या निर्णयाकडे चरित्रकाराने कोणत्या दृष्टीने पाहावे, असे आपणांस वाटते?
३. आदरार्थी बहुवचन व एकवचन यांच्या निवडीचा चरित्रलेखनावर होणारा परिणाम उदाहरणांसह स्पष्ट करा.

इ) उपक्रम

आपल्या गावातील किंवा परिसरातील एखाद्या स्थानिक वीराविषयीची कथा एका वृद्ध व्यक्तीकडून ऐका. कथा ज्या भाषेत व ज्या शब्दांत सांगितली गेली, त्याच शब्दांत ती वहीत उतरवून घ्या. आपल्या बाजूने तीत दुरुस्ती करू नका. कथा कोणत्या प्रसंगी सांगितली जाते, तीही नोंद करा. त्यानंतर त्याच व्यक्तीविषयी उपलब्ध असलेली छापील माहिती वाचा आणि दोहोंतील साम्य व भेद एका पृष्ठात मांडा. संपर्कसत्राच्या वेळी हे टिपण बरोबर आणावे.